नाव मोठे, लक्षण कोणते?
(संगणकाच्या प्रोसेसरची नावे कशी वाचावीत)



दहावी-बारावीचे निकाल लागले, की आमच्या मुरुमात आणि भोवतालच्या खेड्यांत एक नवी खरेदी निघते. पूर्वी मुलगा पुढच्या शिक्षणाला निघाला, की त्याला ट्रंक आणि सायकल घेऊन देत. आता लॅपटॉप घेऊन देतात. सोयाबीनच्या पट्टीतून किंवा उसाच्या बिलातून त्यासाठी थोडे बाजूला काढून ठेवलेले असते. बापलेक उमरग्याला, सोलापूरला, नाहीतर लातूरला जातात. दुकानदार विचारतो, "आय-थ्री दाखवू, आय-फाइव्ह दाखवू, का आय-सेव्हन?" बाप मनाशी म्हणतो, तिनापेक्षा पाच मोठे, पाचापेक्षा सात मोठे, पोराच्या शिक्षणात कसर कशाला? आणि सातावर बोट ठेवले जाते.

शाळांचे याहून वेगळे नाही. लोकवर्गणी जमवून संगणक घ्यावयाचे असोत, किंवा शहरातल्या एखाद्या कचेरीने वापरून काढलेले संगणक देणगी म्हणून पदरात घ्यावयाचे असोत, मुख्याध्यापकांसमोर हाच तीन-पाच-सातचा प्रश्न उभा राहतो. आज मला आपल्याला सांगावयाचे आहे ते एवढेच, की तो सातचा आकडा एकटा घेतला तर फारच थोडे सांगतो. प्रोसेसरचे नाव पुरते वाचता आले पाहिजे. ते वाचणे अवघड नाही. पण ते कोणी शिकवीत नाही, म्हणून कष्टाचा पैसा चुकीच्या ठिकाणी जातो.

प्रथम प्रोसेसर म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. संगणकात, लॅपटॉपमध्ये, आणि आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही सिलिकॉनची एक लहानशी चिप असते. बेरीज-वजाबाकी, तुलना, नोंदींची ने-आण ही सारी कामे ती करते. तिलाच प्रोसेसर म्हणावयाचे. आजच्या प्रोसेसरच्या पोटात काम करणारे भाग एकाहून अधिक असतात; त्यांना कोर म्हणतात. कोर म्हणजे शेतावरचा गडी समजा. एक गडी एका वेळी एक काम करील, चार गडी मिळून चार कामे उरकतील. पण सगळे गडी सारखे नसतात. काही कसलेले असतात, पण त्यांना खुराक जास्त लागतो. काही हलक्या कामाचे असतात, पण थोडक्यात भागतात. प्रोसेसरमध्येही हल्ली असे दोन प्रकारचे कोर एकत्र ठेवतात. खुराक म्हणजे इथे वीज. वीज जास्त खाणारा प्रोसेसर काम जास्त करतो, पण तापतो आणि बॅटरी लवकर संपवतो.

म्हणजे प्रोसेसर जोखताना चार गोष्टी पाहावयाच्या. त्याचा आराखडा किती जुना, त्यात कोर किती व कोणते, तो वीज किती खातो, आणि आपल्या पिढीत त्याची पायरी कोणती. या चारही गोष्टी त्याच्या नावातून निघाव्यात, निदान नावावरून शोधता याव्यात, अशी आपली अपेक्षा असणार. ती चुकीची नाही.

अंक आणि अक्षरे यांची सांकेतिक नावे आपल्याला नवीन नाहीत. रस्त्याने एखादी गाडी गेली आणि तिच्यावर एम.एच. २५ असे दिसले, की शाळेतले पोरसुद्धा सांगते, ही आपल्या धाराशिव जिल्ह्यातली. २४ दिसले तर लातूरची, १३ दिसले तर सोलापूरची. उसाचे बेणे आणताना आपण 'को ८६०३२' मागतो. त्यातला 'को' म्हणजे कोइमतूर, ८६ म्हणजे १९८६ साल, आणि ०३२ हा त्या सालातला अनुक्रम. सोयाबीनचे 'एम.ए.यू.एस. ७१' म्हटले, की ते परभणीच्या कृषी विद्यापीठाचे, तुरीचे 'बी.डी.एन. ७११' म्हटले, की ते बदनापूरच्या केंद्राचे. या नावांतून पीक किती येईल ते कळत नाही. पण एक गोष्ट पक्की असते. एका नावाखाली एकच वाण. मालदांडी ३५-१ हे ज्वारीचे नाव आजोबांनी घेतले, तेच नातू घेतो. दर हंगामाला जुन्याच वाणाला नवा आकडा कोणी लावीत नाही.

शिवाय बियाण्याच्या पिशवीला लेबल असते. बियाणे कायदा १९६६ सालचा आहे. त्याप्रमाणे पिकाचे व वाणाचे नाव, लॉट नंबर, उगवणशक्ती, शुद्धता, तपासणीची तारीख आणि मुदत हे सारे त्या लेबलावर यावे लागते. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, पायाभूत बियाण्याचा पांढरा. आपण नाव ऐकून भुलत नाही. पिशवी उलटी करून लेबल वाचतो. लॅपटॉपच्या तळहातापाशी चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठीवर मात्र यातले जवळजवळ काहीच नसते. घराण्याचे नाव, एक ठसठशीत आकडा, आणि झाले.

हे असे का झाले, ते समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. १९७१ साली अमेरिकेतल्या इंटेल या कंपनीने '४००४' नावाचा प्रोसेसर बाजारात आणला. त्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. त्यानंतर ८००८ आला, ८०८० आला, १९७८ साली ८०८६ आला. १९८१ साली आय.बी.एम. कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला, त्यात याच घराण्यातला ८०८८ होता. पुढे १९८२ साली २८६, १९८५ साली ३८६, १९८९ साली ४८६. हा हिशेब सरळ होता. आकडा वाढला, की पिढी वाढली.

घोटाळा इथूनच सुरू झाला, आणि त्याला कारण झाले एक न्यायालय. ए.एम.डी. ही दुसरी अमेरिकन कंपनीही तशाच जातीचे प्रोसेसर करीत असे, आणि तिने आपल्या मालाला ३८६ हाच आकडा लावला. इंटेलने तक्रार केली. १९९१ साली न्यायालयाने निकाल दिला, की ३८६ हा आकडा सर्रास वापरात आहे, त्यावर एका कंपनीची मालकी सांगता येणार नाही. आकड्याची मालकी मिळत नाही, शब्दाची मिळते, हे इंटेलने ओळखले. त्यामुळे १९९३ साली आलेल्या पाचव्या पिढीला ५८६ म्हटले गेले नाही. तिचे नाव ठेवले 'पेंटियम'. ग्रीक भाषेत 'पेंटे' म्हणजे पाच. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, हा प्रोसेसर घडवणाऱ्या मंडळींत अग्रभागी असलेले विनोद धाम हे पुण्यात जन्मलेले. त्यांना 'पेंटियमचे जनक' असेच म्हणतात. २०२५ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

आता त्या पेंटियम नावाचे पुढे काय झाले, ते पहा. १९९३ साली ते सर्वांत वरचे नाव होते. १९९८ साली स्वस्त मालासाठी 'सेलेरॉन' हे धाकटे नाव निघाले. २००६ साली 'कोअर' हे नवे घराणे आले, आणि पेंटियमची पायरी खाली सरकली. पुढे आय-३ च्याही खाली, स्वस्तातल्या लॅपटॉपवर हे नाव दिसू लागले. शेवटी २०२३ पासून नव्या लॅपटॉपवरून पेंटियम आणि सेलेरॉन ही दोन्ही नावे कंपनीने काढून टाकली. वीस वर्षे मोठे म्हणून कानावर पडलेले नाव ऐकून ज्याने पेंटियम घेतला असेल, त्याच्या हाती काय आले असेल, ते वेगळे सांगावयास नको. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

दुसरा घोटाळा गतीच्या आकड्याचा. पूर्वी प्रोसेसरची गती मेगाहर्ट्झमध्ये सांगत, आणि लोक ती पाहून माल घेत. पण गती म्हणजे पावले किती भरभर पडतात ते. एका पावलात अंतर किती कापले जाते, ते त्यात येत नाही. लहान पावले भरभर टाकणारा आणि लांब ढांगा टाकणारा, यांची तुलना नुसती पावले मोजून होत नाही. इंटेलच्या पेंटियम-४ ची पावले भरभर पडत, ए.एम.डी.च्या ॲथलॉनची पावले सावकाश, पण ढांग लांब. ग्राहक पावलेच मोजतात, हे पाहून २००१ साली ए.एम.डी.ने एका प्रोसेसरचे नाव ठेवले 'ॲथलॉन एक्स.पी. १८०० प्लस'. त्याची खरी गती होती १५३३ मेगाहर्ट्झ. म्हणजे १८०० ही गती नव्हे. तेवढ्या तोडीचे काम करतो, असा तो दावा होता. पुढे २००४ साली इंटेलनेही गतीचा आकडा मागे ठेवला, आणि ३००, ५००, ७०० अशा मालिका काढल्या. त्यातूनच पुढे आय-७ आला २००८ साली, आय-५ आला २००९ साली, आय-३ आला २०१० साली. २०१७ साली ए.एम.डी.ने आपले रायझेन घराणे काढले, तेव्हा त्यांनीही तेच ३, ५, ७ उचलले. म्हणजे बघा, हे आकडे कशाचेही माप नाहीत. ते किलो नाहीत, लिटर नाहीत, गतीही नाही. त्या त्या पिढीतल्या किमतीच्या पायऱ्यांची ती नावे आहेत.

आता प्रत्यक्ष नाव वाचावयास घेऊ. शिक्षक मंडळींनी कागद-पेन्सिल जवळ घ्यावी, म्हणजे बरे.

समजा, नाव आहे 'कोअर आय५-८२५०यू'. यात 'कोअर' हे घराणे, 'आय-५' ही पायरी. मधल्या आडव्या रेघेनंतरचा पहिला अंक ८, म्हणजे आठवी पिढी. पुढचे २५० हा त्या पिढीतला क्रमांक. शेवटचे अक्षर 'यू' म्हणजे कमी विजेवर चालणारा. शेवटी 'एच' असेल, तर जास्त वीज खाणारा आणि जास्त कामाचा. मेजावरच्या संगणकातल्या साध्या प्रोसेसरला पुष्कळदा शेवटी अक्षरच नसते.

दुसरे नाव घेऊ, 'कोअर आय५-१०२१०यू'. इथे रेघेनंतरचा पहिला अंक १ आहे, म्हणून ही पहिली पिढी काय? नाही. ही दहावी. रेघेनंतर १ आला, तर पहिले दोन अंक मिळून पिढी वाचावयाची. २ ते ९ पैकी अंक आला, तर तो एकटाच पिढी सांगतो. एवढा नियम पाठ केला, की बहुतेक नावे उलगडतात.

पण इथेही खड्डे आहेत. 'आय५-१२३५यू' आणि 'आय५-१२४५०एच' ही दोन नावे एकाखाली एक लिहा. दोन्ही बाराव्या पिढीची. एकात पिढीनंतर दोन अंक, दुसऱ्यात तीन. गणिताच्या सवयीने पोरे म्हणतील, बारा हजार चारशे पन्नास ही संख्या बाराशे पस्तीसच्या दहापट आहे. संख्या असेल, यंत्र दहापट नाही. पहिला १५ वॅटच्या वर्गातला, त्यात दोन कसलेले आणि आठ हलके कोर. दुसरा ४५ वॅटच्या वर्गातला, त्यात चार कसलेले आणि चार हलके. आता याच पिढीतला 'आय७-१२५५यू' पहा. तो आय-सेव्हन असला, तरी त्यात कोर तेच, दोन कसलेले आणि आठ हलके, अगदी आय५-१२३५यू सारखे. गती थोडी वाढवलेली आहे, एवढाच फरक. पाचाचा सात झाला, म्हणून एक गडीसुद्धा वाढला नाही.

वापरलेला लॅपटॉप घेताना तर हे जास्तच संभाळावे लागते. आपल्याकडे अशी खरेदी पुष्कळ होते. कोणी उत्साहाने सांगतो, "सर, आय-सेव्हन मिळाला, सेकंडमध्ये, लई स्वस्त!" रेघेनंतरचा आकडा विचारला, तर निघतो २६२०एम. म्हणजे दुसरी पिढी, २०११ सालची, कोर दोन. त्याच्याशेजारी २०२२ सालचा 'आय३-१२१५यू' ठेवा. तो सर्वांत खालच्या पायरीचा, पण त्यात कोर सहा, आणि तेही अकरा वर्षांनी पुढच्या आराखड्याचे. इथे तीन हा साताला सहज मागे टाकतो. इतके लांबही जावयास नको. सातव्या पिढीतल्या 'आय७-७५००यू' मध्ये कोर दोन, आणि आठव्या पिढीतल्या 'आय५-८२५०यू' मध्ये कोर चार. एका वर्षाच्या अंतराने पाच साताच्या पुढे गेला.

या पिढीच्या अंकावर आणखी एक मोठी गोष्ट अवलंबून आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत सेवा थांबवली. म्हणजे त्यातली सुरक्षेची छिद्रे बुजवण्याचे काम सर्वांसाठी नेहमीसारखे होत नाही. आणि विंडोज ११ साठी कंपनीने मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत इंटेलचे, काही थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासूनचेच आहेत. तेव्हा सातव्या पिढीचा आय-७ त्या यादीबाहेर, आणि आठव्या पिढीचा आय-३ यादीत. देणगीत आलेले दहा संगणक शाळेच्या किती दिवस कामी येतील, हे आय-३ आणि आय-७ यावर ठरत नाही. रेघेनंतरच्या अंकावर ठरते. असे जुने संगणक टाकून द्यावेत, असे मी म्हणत नाही. त्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली घालून वर्ग चालवता येतो. केरळच्या सरकारी शाळांत मोफत, मुक्त प्रणालींवरच शिक्षण चालते. पण घेताना काय घेत आहोत, ते ठाऊक असावे.

ए.एम.डी.ची तऱ्हा निराळी. २०२३ सालच्या लॅपटॉपसाठी या कंपनीने नव्या धर्तीची नावे काढली, आणि ती कशी वाचावीत, याचा तक्ताही प्रसिद्ध केला. चार अंक आणि एक अक्षर. पहिला अंक साल सांगतो, ७ म्हणजे २०२३. दुसरा अंक पायरी. तिसरा अंक आराखडा. चौथा, त्या पायरीतले वर-खाली. तक्ता चांगला होता, पण मेख त्यातच होती. 'रायझेन ५ ७५२०यू' पहा. पुढे ७ आहे, म्हणून माल ताजा वाटतो. पण तिसरा अंक २, म्हणजे 'झेन-२' हा आराखडा, आणि तो २०१९ सालचा. दुसरे नाव 'रायझेन ५ ७६४०यू'. यात तिसरा अंक ४, म्हणजे २०२२ सालचा आराखडा. दोन्ही 'रायझेन ५', दोन्ही सात हजारांतले. पण एकात कोर चार आणि दुसऱ्यात सहा, आणि आराखड्यात तीन वर्षांचे अंतर. जो अंक सर्वांत कामाचा, तो तिसऱ्या जागी, आणि जो सर्वांत कमी कामाचा, तो सर्वांच्या डोळ्यांपुढे. जुनाच बैल, नव्या झुलीत!

यावर २०२३ च्या डिसेंबरात इंटेलने एक प्रचारपत्र काढून ए.एम.डी.ची टर उडवली, आणि लोकांकडून टीका झाल्यावर ते मागेही घेतले. कारण लोकांनी लगेच बोट दाखवले. त्याच सुमारास इंटेलने आपल्या नावांतला 'आय' काढून टाकला होता, आणि 'कोअर' व 'कोअर अल्ट्रा' अशी दोन घराणी केली होती. 'कोअर अल्ट्रा ७ १५५एच' हा नव्या आराखड्याचा, कोर सोळा. 'कोअर ७ १५०यू' हा आधीच्याच आराखड्याचा, कोर दहा. दोन्ही ७, दोन्ही दीडशेच्या घरातले. आणि 'कोअर अल्ट्रा ७ १५५यू' मध्ये कोर बारा, त्यात कसलेले फक्त दोन. १५५एच मध्ये कसलेले सहा. फरक काय, तर शेवटचे एक अक्षर. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, म्हणतात ते हेच.

मोबाइलमध्येही हा प्रकार आहेच. क्वालकॉम कंपनीचा सर्वांत वरचा प्रोसेसर होता 'स्नॅपड्रॅगन ८८८'. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२१ च्या अखेरीस, त्याच्या जागी आला 'स्नॅपड्रॅगन ८ जेन १'. आठशे अठ्ठ्याऐंशीवरून एकदम आठ! आकडा पाहून जो खरेदी करतो, त्याने काय समजावे?

आता आपण विचाराल, की इतक्या मोठ्या कंपन्या, इतके शिकलेले इंजिनीयर, त्यांना एक नाव सरळ ठेवता येऊ नये? त्याला कारणे आहेत, आणि सगळीच काही लबाडीची नाहीत.

एक कारण कारखान्यातले. सिलिकॉनच्या एका मोठ्या चकतीवर एकाच आराखड्याच्या शेकडो चिपा घडतात, पण साऱ्या सारख्या उतरत नाहीत. काही जास्त गतीने चालतात, काहींत एखादा कोर नासका निघतो. नासका कोर बंद करून ती चिप खालच्या पायरीचे नाव देऊन विकतात. आपण कांद्याची प्रतवारी करतो, तशीच ही प्रतवारी. मोठा कांदा, मध्यम, गोल्टी. त्यात गैर काही नाही. पण प्रती जितक्या जास्त, तितकी नावे जास्त.

दुसरे कारण बाजारातले. नवा आराखडा घडावयास वर्षे लागतात, आणि दुकानाला मात्र दरवर्षी नवा आकडा हवा असतो. गेल्या वर्षीचा आकडा फळीवर पडून राहतो. म्हणून जुन्या मालाला नवा आकडा लागतो. जुना आराखडा वाईटच असतो, असेही नाही. पत्र लिहिणे, हजेरी भरणे, फॉर्म भरणे, धड्याची चित्रफीत दाखवणे याला तो पुरतो, आणि स्वस्तही पडतो. तक्रार एवढीच, की तो जुना म्हणून, जुन्याच्या भावाने आणि जुन्याच्या नावाने विकला जावा.

तिसरे कारण मघाशी सांगितले ते. शब्दाची मालकी मिळते, आकड्याची मिळत नाही.

सरळ नाव ठेवता येतच नाही, असे मात्र नाही. आपल्या इस्रो संस्थेने अग्निबाणांसाठी 'विक्रम १६०१' हा प्रोसेसर वापरात आणला. तो १६ बिटांचा. २०२५ साली त्याचा पुढचा अवतार आला, 'विक्रम ३२०१'. तो ३२ बिटांचा. बिट म्हणजे एका घासात प्रोसेसर किती अंक उचलतो, त्याचे माप. नावातला आकडा इथे खरोखरच काहीतरी सांगतो. अर्थात ज्याला माल दुकानात विकावयाचा नाही, त्याला खरे नाव ठेवणे सोपे जाते, हेही खरे.

मग आपण काय करावे? चार गोष्टी सांगतो.

पहिली, दुकानात 'आय-फाइव्ह' किंवा 'रायझेन फाइव्ह' एवढ्यावर कधीही थांबू नका. पूर्ण नाव, म्हणजे रेघेनंतरचे सारे अंक आणि शेवटचे अक्षर, कागदावर लिहून मागा. यंत्र चालू असेल, तर विंडोजमध्ये 'सेटिंग', मग 'सिस्टीम', मग 'अबाउट' असे उघडले, की पूर्ण नाव समोर येते. वापरलेला माल घेताना हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. बोलण्यावर विसंबू नये.

दुसरी, ते नाव मोबाइलवर कंपनीच्याच संकेतस्थळावर शोधा. तिथे तो केव्हा बाजारात आला, कोर किती, वीज किती, हे दिलेले असते. नावात जे लपते, ते तिथे उघडे असते. हेच आपले लेबल समजा. पिशवीला नसले, म्हणून काय झाले. वाचावयाचे ठरवले, की सापडते.

तिसरी, सगळा पैसा प्रोसेसरच्या आकड्यावर घालवू नका. शाळेच्या आणि कॉलेजच्या नेहमीच्या कामाला आठ गिगाबाइट मेमरी आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एस.एस.डी. असेल, तर यंत्र हलके चालते. मेमरी चार आणि वर आय-७, असा लॅपटॉप म्हणजे दारात ट्रॅक्टर आणि टाकीत डिझेल नाही.

चौथी, पावतीवर पूर्ण नाव लिहून घ्या. 'एक लॅपटॉप, आय-५' अशी पावती काही कामाची नाही. मालाचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची खरी माहिती मिळणे, हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपला हक्क आहे. सांगितला एक आणि दिला दुसरा, असे घडले, तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे तीच पावती बोलेल. पावतीत नाव अर्धवट असेल, तर आयोग तरी काय करणार?

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. खेड्यात लॅपटॉप घेण्याआधी लोक दुकानदाराच्या आधी आपल्याला विचारतात. "गुरुजी, कोणता घ्यावा?" हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही. आपण सगळे संगणकाचे विषय शिकवीत नसू. पण वाचावयास शिकवणे हा तर आपला धंदाच आहे. एखाद्या तासाला फळ्यावर चार नावे लिहा. एक गाडीचा नंबर, एक उसाचे वाण, एक सोयाबीनचे, आणि एक प्रोसेसरचे. प्रत्येकातला कोणता अंक काय सांगतो आणि कोणता अंक काहीच सांगत नाही, ते मुलांकडून काढून घ्या. आठवी-नववीच्या मुलांना हे नक्की जमते. मोठ्या आकड्यापुढे न दबता 'हा आकडा कशाचा?' असे विचारावयाची सवय ज्या मुलाला लागली, त्याला ती प्रोसेसरपुरतीच उपयोगी पडेल असे नाही. खताच्या पोत्यावरचे १०:२६:२६ असो, कर्जाच्या कागदावरचे टक्के असोत, की औषधाच्या बाटलीवरची मुदत असो, सगळीकडे तोच प्रश्न त्याला तारून नेईल.

लॅपटॉप घेणे ही आपल्याकडच्या घराला वर्षातली एक मोठी खरेदी असते. तिच्यामागे कोणाचा तरी एक हंगाम गेलेला असतो. त्या पैशाला नुसत्या नावाने भुलवून न नेता खऱ्या मालापर्यंत पोचवावे, यासाठी एवढे सांगितले.